एडिटिंग करताना व्हिडिओ अडकतोय? रॅम वाढवण्याआधी हे वाचा

“मोबाइलवर व्हिडिओ मस्त चालतो, लॅपटॉपवर एडिटिंगला घेतला की अडकतो. रॅम वाढवून द्या.” लग्नसराईत ही मागणी आमच्या दुकानात सारखी येते. रॅम आम्ही विकतो आणि बसवूनही देतो. पण दुखणं दुसरीकडेच असेल तर ग्राहकाचे पैसे वाया जातात, ते जाऊ नयेत म्हणून हे माहितीपत्रक.

कारण बहुतेक वेळा फाइलमध्येच असतं

मोबाइल आणि कॅमेरे हल्ली एच.२६४ किंवा एच.२६५ पद्धतीने व्हिडिओ साठवतात. यात प्रत्येक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक चित्र, पूर्ण नसते. मधूनमधून एखादी पूर्ण फ्रेम असते, बाकीच्यांमध्ये फक्त काय बदललं याची नोंद. त्यामुळे आयफोनवरचं ४के, सेकंदाला ३० फ्रेमचं एक मिनिट एच.२६५ मध्ये साधारण १७० एमबीत मावतं. सरळ बघताना त्रास होत नाही. एडिटिंगमध्ये मात्र आपण मध्येच उडी मारतो, मागे येतो, क्लिपवर क्लिप ठेवतो. दर वेळी लॅपटॉपला जवळच्या पूर्ण फ्रेमपासून पुन्हा हिशेब करत यावं लागतं.

१७० एमबी मिनिटाला म्हणजे सेकंदाला तीन एमबीही नाहीत. एवढं जुनी हार्ड डिस्कसुद्धा सहज देते. त्यामुळे अशा एक-दोन क्लिपसाठी फक्त एसएसडी बसवून व्हिडिओ सुरळीत होईल, असं आम्ही कुणाला सांगत नाही. मेमरी कार्ड किंवा पेनड्राइव्हवरून थेट एडिट मात्र करू नका, फुटेज आधी लॅपटॉपवर कॉपी करा.

मिररलेस कॅमेऱ्यावर १०-बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती साठवणारा प्रकार) निवडलं असेल तर गोष्ट आणखी वेगळी. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४० मालिकेपर्यंतची ग्राफिक्स कार्डं हा प्रकार स्वतः उलगडू (डिकोड करू) शकत नाहीत, सगळा भार प्रोसेसरवर येतो. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या लॅपटॉप प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स मात्र एच.२६५ चं ४:२:२ उलगडतं. म्हणून महागड्या गेमिंग लॅपटॉपवर अडकणारी क्लिप कधी कधी साध्या इंटेल लॅपटॉपवर नीट चालते. गेमसाठी ते ग्राफिक्स बंद केलं असेल तर आधी चालू करा.

नेमकं कुठे अडतंय?

क्लिप चालू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ उघडा. मेमरी काठोकाठ भरलेली दिसली तर रॅम खरंच कमी आहे, खुशाल वाढवा. सीपीयू (प्रोसेसर) १०० टक्क्यांवर आणि जीपीयूमधला (ग्राफिक्समधला) ‘व्हिडिओ डिकोड’ शून्यावर असेल, तर ग्राफिक्सची मदतच मिळत नाहीये. सॉफ्टवेअरमधलं हार्डवेअर डिकोडिंग आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर तपासा.

सुरुवातीला बरा चालून थोड्या वेळाने अडकायला लागला तर बहुधा उष्णता. पंख्यात धूळ साचते, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळते, मग प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात तर हे हमखास. गादीवर लॅपटॉप ठेवून काम करू नका. बॅटरीवरही बरेच लॅपटॉप हात आखडता घेतात, तेव्हा मूळ चार्जर लावूनच एडिट करा.

बिनपैशाचा उपाय: प्रॉक्सी

आधी एडिटिंग सॉफ्टवेअरमधलं प्लेबॅक रिझोल्यूशन (बघतानाच्या चित्राची स्पष्टता) निम्मं किंवा पाव करून बघा. तेवढ्याने भागलं नाही तर प्रॉक्सी बनवा. प्रीमियरमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून ‘प्रॉक्सी’, मग ‘क्रिएट प्रॉक्सीज’. दा विंची रिझॉल्व्हमध्ये ‘जनरेट प्रॉक्सी मीडिया’. सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिपची हलकी प्रत तयार करतं, तुम्ही तिच्यावर काम करता. प्रॉक्सी फक्त एडिटिंगपुरती असते, एक्सपोर्ट मूळ फुटेजवरूनच करायचा, म्हणजे दर्जा जराही उतरत नाही. डिस्कवर जागा लागते आणि बनायला वेळ जातो, तेव्हा रात्री लावून ठेवलेलं बरं. जुन्या लॅपटॉपवर ४के लग्नं एडिट करणाऱ्यांना आम्ही सगळ्यात आधी हेच करायला सांगतो.

मोबाइलच्या क्लिपमध्ये आवाज आणि ओठ जुळत नसतील तर बहुधा फ्रेमचा वेग बदलता असतो. हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून क्लिप बदलून घ्या.

एवढं करूनही अडकत असेल तर लॅपटॉप, चार्जर आणि अडकणारी मूळ क्लिप घेऊन या. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा व्हिडिओ म्हणून पाठवलेली क्लिप नको. ती लहान होऊन येते आणि आमच्याकडे बिनतक्रार चालते.