पार्श्वभूमी : टाक्यांवरचं व्हॅक

पुण्यातल्या ट्रॉमा वॉर्डात 'व्हॅक लावलंय' म्हटलं की नातेवाइकांनाही कळतं : जखमेतलं पाणी ओढून घेणारं मशीन. जखमेत काळा स्पंज, वर चिकट पारदर्शक फिल्म, नळी आणि कॉटशेजारी लालसर पाणी साठणारा डबा. पंप सुरू झाला की स्पंज आक्रसून हाताला कडक लागतो. मऊच राहिला तर फिल्मच्या कडेनं हवा शिरतेय, हे सिस्टरना आधी कळतं.

'व्हॅक' हे मुळात एका कंपनीच्या मशीनचं नाव. आता भिंतीवरच्या सक्शनला साधा फोम आणि रबरी नळी जोडून केलेल्या जुगाडालाही तेच म्हणतात. या उपचाराला 'ऋण दाब' म्हणतात, तोही फसवा शब्द आहे. मशीनवरचं उणे १२५ म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा १२५ मिलिमीटर पारा कमी, इतकंच.

काही जण याचं मूळ तुंबडीत शोधतात. पण तुंबडीचं काम रक्त ओढायचं. इथे रक्त यायला लागलं तर मशीन बंद करून सर्जनला बोलवायचं. आजचं रूप १९९० च्या दशकातलं. १९९३ मध्ये जर्मनीत उघड्या फ्रॅक्चरवर फोम वापरला गेला. १९९७ मध्ये अमेरिकेतून डुकरांवरचे प्रयोग आले : १२५ ला जखमेभोवतीचा रक्तप्रवाह चौपट. १२५ हा आकडा तेव्हापासून चिकटला तो चिकटलाच.

हे सगळं उघड्या जखमेचं. वाद आहे तो टाके घालून बंद केलेल्या जखमेचा. २००६ च्या सुमारास तिथेही, जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून, सक्शन लावणं सुरू झालं. पुढे खिशात मावणारे बॅटरीवरचे पंप आले. २०१६ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनी जास्त जोखमीच्या रुग्णांसाठी टाक्यांवरचं सक्शन सुचवलं, पण पुरावा कमकुवत असल्याचं सांगून आणि खर्च परवडतो का ते बघा म्हणून. विकणाऱ्यांच्या तोंडी यातला पहिलाच भाग असतो. (तुंबडी भरणं हा वाक्प्रचार इथे आठवतोच.) २०२० मध्ये ब्रिटनमधल्या १,५४८ रुग्णांच्या चाचणीत खोल संसर्ग साध्या ड्रेसिंगखाली ६.७ टक्के निघाला, सक्शनखाली ५.८; हा फरक योगायोगाचाही असू शकतो. २०२२ च्या, अनेक चाचण्या एकत्र करून घेतलेल्या आढाव्यात मात्र सक्शनची बाजू थोडी वरचढ ठरली. पण त्यात सिझेरियन, पोट, सांधे असं सगळं एकत्र होतं. ब्रिटनचे रुग्ण अपघातात पाय मोडलेले होते. आपल्या वॉर्डात दुचाकीवरून पडून येतात ते तसलेच.