किराण्यातले धणे खरंच उकडलेले असतात का?

"दुकानातले धणे उकडून विकतात, पेरले तरी उगवत नाहीत." हा मजकूर बरीच वर्षं फिरतोय. तो पटतो, कारण अनेकांच्या कुंडीत खरोखरच काही उगवलेलं नसतं. कारणं मात्र वेगळी आहेत.

मेथी तीन-चार दिवसांत वर येते. कोथिंबिरीला आठ ते पंधरा दिवस लागतात, तोवर आपण माती उकरून मोकळे होतो. शिवाय अख्खा धणा म्हणजे फळ, त्यात दोन बिया असतात. लाटण्याने हलकेच रगडून दोन डाळी केल्या, रात्रभर भिजवल्या, तर पाणी आत लवकर शिरतं.

सोलापुरात सर्वांत मोठा अडसर उन्हाचा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तापलेल्या मातीत उगवण कमी होते आणि जे रोप येतं ते पानं धरण्याआधीच फुलावर जातं. ऑक्टोबरचा उकाडा ओसरला की जानेवारीपर्यंत पेरा. आपली काळी माती वरून कडक होते, म्हणून तीत शेणखत मिसळा आणि बी सेंटिमीटरभरच खोल टाका.

खात्री घरीच होते. वीस धणे फोडून ओल्या सुती फडक्यात गुंडाळा, सावलीत ठेवा, फडकं वाळू देऊ नका. दोन आठवड्यांत मोड मोजा. उकडलेल्या बीला एकही मोड येणार नाही. थोडेच आले तर धणे जुने आहेत, दाट पेरा. भाजलेले धणे मात्र यात धरू नका, ते उगवत नाहीतच.