न उघडणाऱ्या फाइलच्या आत काय असते?

‘फाइल खराब झाली आहे, उघडता येत नाही’ असा संदेश आला की अनेकजण ती फाइल लगेच पुसून टाकतात. कृपया तसे करू नका. सॉफ्टवेअरला अपेक्षित असलेली गोष्ट अपेक्षित जागी सापडली नाही, एवढेच त्या संदेशातून कळते. मजकूर पुष्कळदा आत शाबूत असतो.

आधी फाइलची प्रत काढा आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवरच करा. आकार शून्य बाइट दिसत असेल तर आत काहीच नाही. पाठवणाऱ्याकडून ती पुन्हा मागवावी लागेल.

आकार ठीक असेल, तर फाइल नेमकी कोणत्या प्रकारची आहे ते पाहायचे. त्यासाठी नावावर विसंबून चालत नाही. टिंबानंतरची अक्षरे कोणालाही बदलता येतात, आणि विंडोज तर ती एरवी लपवूनच ठेवते. खरी ओळख पहिल्या काही बाइटांत असते. पीडीएफची सुरुवात टक्क्याचे चिन्ह आणि ‘पीडीएफ’ या रोमन अक्षरांनी होते. जेपेग फोटोचे पहिले दोन बाइट २५५ आणि २१६ असतात. झिप फाइल ‘पी’ आणि ‘के’ या अक्षरांनी सुरू होते. ती आहेत हा प्रकार घडवणाऱ्या फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे. प्रत नोटपॅडमध्ये उघडली तरी पहिली अक्षरे दिसतात, फक्त तिथे सेव्ह करू नये. एखाद्या संकेतस्थळावरून उतरवलेली ‘पीडीएफ’ उघडत नसेल, तर हे जरूर करून पाहा. लॉगिनची मुदत संपलेली असली की दाखल्याऐवजी लॉगिनचे पानच पीडीएफच्या नावाने उतरते, आणि नोटपॅडमध्ये सुरुवातीलाच ‘एचटीएमएल’ असे लिहिलेले दिसते. अशी फाइल दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. पुन्हा लॉगिन करून नव्याने उतरवा.

सुरुवात बरोबर असेल तर शेवट तपासायचा. झिपमध्ये आतल्या सगळ्या फाइलींची यादी अगदी शेवटी असते, त्यामुळे डाउनलोड मध्येच तुटले की ती यादीच येत नाही. मोबाइलवरच्या व्हिडिओचेही तसेच. कोणते चित्र फाइलमध्ये कुठे आहे याची नोंद बरेच कॅमेरे चित्रीकरण थांबवल्यावर लिहितात. त्याआधीच बॅटरी संपली, तर चित्रे असतात पण त्यांचा पत्ता नसतो. त्याच फोनवरचा दुसरा चांगला व्हिडिओ नमुना म्हणून दिला, तर काही दुरुस्ती साधने ही नोंद नव्याने बांधू शकतात.

वर्डच्या फाइलींबाबत मी सर्वांत आशावादी असतो. वर्ड २००७ पासूनची ‘डॉक-एक्स’ फाइल म्हणजे प्रत्यक्षात झिपच. प्रतीच्या नावातली शेवटची अक्षरे बदलून ‘झिप’ करा आणि ती उलगडा. आत ‘वर्ड’ नावाचा फोल्डर मिळेल. त्यातल्या ‘डॉक्युमेंट’ या फाइलमध्ये सगळा मजकूर खुणांच्या गर्दीत का होईना, पण असतो. फोटो ‘मीडिया’ फोल्डरमध्ये. एखादा भाग बिघडल्यामुळे वर्डने सबंध फाइल नाकारली, तरी प्रबंधाची पाने अशी बाहेर काढता येतात. फाइलला पासवर्ड असेल तर मात्र हा मार्ग बंद.

मराठीत आणखी एक प्रकार नेहमी भेटतो. फाइल उघडते, पण पानभर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेले असत. तो फॉन्ट संगणकावर नसला की ते क्रमांक रोमन अक्षरे म्हणूनच उमटतात. युनिकोडमध्ये ‘क’चा क्रमांक त्याचा स्वतःचा, दशमान पद्धतीत २३२५, म्हणून तिथे हा घोळ होत नाही. जुन्या फाइलीसाठी मूळ फॉन्ट बसवावा किंवा मजकूर त्या फॉन्टच्या परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा. नंतर पहिली वेलांटी आणि रफार डोळ्यांनी तपासा. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी दिसते तशी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर साठवलेला असे. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराप्रमाणे असतो, आणि परिवर्तक चुकतो तो बहुधा तिथेच.