रानात न्यायचा चाकू: कार्बन पोलादाचा की स्टेनलेसचा?

स्वीडनमधल्या मोरा या गावाच्या नावाने ओळखला जाणारा, प्लास्टिकच्या मुठीचा एक साधा चाकू रानावनात भटकणाऱ्यांमध्ये बराच प्रचलित आहे आणि तो दोन पोलादांत मिळतो. घडण तीच, मूठ तीच, पाते दोन्हींत साधारण दहा सेंटिमीटरचे. शेजारी शेजारी ठेवले तर नवख्या गिऱ्हाइकाला फरक सांगता येणार नाही. एक कार्बन पोलादाचा असतो, दुसरा स्टेनलेस. रानात अडकून पडलो तर हाताशी असावा म्हणून चाकू घेणारा माणूस पात्याच्या पाठीवरचे करवतीचे दाते आणि मुठीत दडवलेले होकायंत्र यांवर बराच विचार करतो, पण पोलाद कोणते घ्यायचे हे मात्र ऐकीव माहितीवर ठरवतो. ‘कार्बन मजबूत, स्टेनलेस शोभेचे’ हे त्यातले सर्वांत जास्त कानावर येणारे मत, आणि ते अर्धेही खरे नाही.

कार्बन दोन्हींत असतो, कारण त्याच्याशिवाय पात्याला कडकपणा येत नाही. चाकूंसाठी प्रसिद्ध असलेल्या १०९५ या कार्बन पोलादात तो सुमारे ०.९५ टक्के असतो. व्हीजी-१० या जपानी स्टेनलेसमध्ये सुमारे १ टक्का, म्हणजे किंचित जास्तच. खरा फरक क्रोमियमचा आहे. किमान १०.५ टक्के क्रोमियम असले की पोलादाच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप तयार होतो, ओरखडा गेला तरी हवेतल्या ऑक्सिजनमुळे तो पुन्हा धरतो आणि खालच्या लोखंडापर्यंत गंज पोहोचू देत नाही. इंग्लंडमधल्या शेफील्ड येथे १९१३ साली स्टेनलेसचे जनक मानले जाणारे हॅरी ब्रेअर्ली यांनी ओतलेल्या पोलादात हे प्रमाण १२.८ टक्के होते. मात्र नुसत्या आकड्यावर भागत नाही. डी-२ या पोलादात सुमारे १२ टक्के क्रोमियम असूनही ते गंजते, कारण त्यातला दीड टक्का कार्बन बऱ्याच क्रोमियमला कार्बाइडच्या, म्हणजे कार्बन आणि धातू यांच्या संयुगाच्या, कणांत अडकवून ठेवतो आणि थर धरण्यासाठी पुरेसे क्रोमियम मोकळे राहत नाही.

दुकानात चुंबक लावून स्टेनलेस ओळखण्याची पद्धतही इथे फसवी ठरते. घरातल्या ताटवाट्यांच्या स्टीलमध्ये निकेल असल्यामुळे त्यांना चुंबक सहसा चिकटत नाही; चाकूचे स्टेनलेस वेगळ्या घडणीचे असते आणि त्याला चुंबक कार्बन पोलादाइतकाच घट्ट चिकटतो.

कार्बन पोलाद कसे वागते हे मराठी घरांना नव्याने सांगायला नको, कारण जुनी लोखंडी विळी तशीच वागते. तिच्यावर कैरी किंवा केळफूल चिरले की पाते काळपट पडते आणि पहिल्या काही फोडींना लोखंडाचा वास लागतो. हा काळा थर म्हणजे गंज नव्हे. तो पक्का बसला की पुढचा तांबडा गंज काहीसा मंदावतो, पण थांबत नाही. जुलैच्या पावसात घाटात भिजलेला कार्बन पोलादाचा चाकू तसाच म्यानात सरकवला, तर सकाळी धारेजवळ नारिंगी ठिपके दिसू लागतात आणि चामड्याचे म्यान असेल तर ओल धरून ते काम आणखी लवकर होते. स्टेनलेसही पूर्णपणे सुटलेले नाही. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत मिठातले क्लोराइड त्या संरक्षक थराला भोके पाडते आणि पात्यावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. तरीही एवढे व्हायला बराच काळ आणि बरीच हयगय लागते.

धार लावण्याच्या बाबतीत पारडे कार्बनकडे झुकते. त्यातले लोहाचे कार्बाइड तुलनेने मऊ असल्यामुळे कोणत्याही चांगल्या दगडावर धार पटकन परतते. क्रोमियमचे कार्बाइड मात्र साध्या वाळूच्या कणापेक्षाही कठीण असते, त्यामुळे जास्त कार्बन आणि जास्त क्रोमियम असलेले पाते ओढ्यातल्या गुळगुळीत दगडावर घासत बसलो तर हात दुखतात आणि धार येत नाही. त्याला कुरुंदाचा दगड किंवा हिऱ्याच्या भुकटीची पट्टी हवी. अर्थात हा नियम सरसकट लावता येत नाही. मोराच्या स्टेनलेस चाकूसाठी वापरले जाणारे १२सी२७ हे पोलाद सुमारे ०.६ टक्के कार्बन आणि १३.५ टक्के क्रोमियमचे आहे, त्यातले कार्बाइड बारीक आहेत आणि त्याला साध्या दगडावरही बऱ्यापैकी धार लागते.

आगीच्या बाबतीत तर दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते. जुन्या चकमकीत गारगोटी पोलादाला ओरबाडते, पोलादाचा सुटलेला सूक्ष्म कण हवेत पेट घेतो आणि तीच ठिणगी असते. म्हणून तिथे कडक केलेले कार्बन पोलादच लागते, स्टेनलेसची ठिणगी जवळजवळ पडतच नाही. आज ट्रेकर जी काळी कांडी बाळगतात तिच्यात सेरियमसारखे धातू असतात आणि ठिणगी कांडीची असते, चाकूची नव्हे. तिला फक्त कडक आणि काटकोनी कड लागते. पात्याची पाठ तशी असेल तर दोन्ही चाकू सारखेच चालतात. खिशात लायटर आणि कांडी असलेल्या माणसाने केवळ ठिणगीसाठी कार्बन निवडावे, याला माझ्या मते काही अर्थ नाही.

मजबुतीचा वाद तर पोलादाच्या नावापेक्षा त्याला दिलेल्या पाण्यावर, म्हणजे तापवून एकदम थंड करत कडक करण्याच्या कसबावर, अवलंबून असतो. ट्रकच्या कमानपाट्यापासून गावच्या लोहाराने घडवलेला कोयता वर्षानुवर्षे लाकूड तोडतो, कारण धारेपुरते पाणी देऊन बाकीचे पाते त्याने चिवट ठेवलेले असते. तेच पोलाद फार कडक ठेवले तर दगडावर आपटताच धारेचा तुकडा उडतो आणि मऊ राहिले तर धार दुमडते. एकाच दर्जाची कारागिरी गृहीत धरली तर ठोकाठोकीला साधे कार्बन पोलाद थोडे जास्त सहनशील असते, हे मान्य करायला हवे.

मग रानासाठी कोणते? सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असा की, चाकू रानापेक्षा घरीच जास्त गंजतो. गावकऱ्याचा कोयता रोज वापरात असतो, रोज पुसला जातो आणि दर काही दिवसांनी घासला जातो, म्हणून त्याला गंज धरायला फुरसतच मिळत नाही. शहरातल्या ट्रेकरचा चाकू मात्र वर्षातले बहुतेक महिने माळ्यावरच्या सॅकमध्ये पडून असतो आणि नेमका अडचणीच्या वेळी बाहेर निघतो. विमानदलांनाही हाच प्रश्न सोडवावा लागला, कारण वैमानिकाच्या अंगावरचा चाकू वर्षानुवर्षे न वापरता राहतो. अमेरिकी वैमानिकांच्या पाच इंची पात्याच्या चाकूत १०९५ कायम ठेवून त्यावर फॉस्फेटचा करडा लेप दिलेला असे. स्वीडनच्या विमानदलाने १९९५ मध्ये स्वीकारलेला एफ-१ हा चाकू स्टेनलेसचा आहे. लेप मात्र धारेवर टिकत नाही, कारण प्रत्येक वेळी धार लावताना तो तिथून घासला जातो, आणि धार ही तर गंजाची पहिली जागा.

म्हणून सह्याद्रीत पावसाळी भटकंती करणाऱ्याने, किंवा कोकणात राहणाऱ्याने, १२सी२७ च्या जातीचे मध्यम कार्बनचे स्टेनलेस घ्यावे असे मी सांगेन. कार्बन पोलाद त्याने घ्यावे जो प्रत्येक वापरानंतर पाते कोरडे करून खोबरेलाचे बोट फिरवणार आहे आणि ज्याला लाकूड तासण्याची खरोखर गोडी आहे. त्याला ते स्टेनलेसपेक्षा जास्त सुख देईल. कोणतेही घेतले तरी घरी चाकू म्यानाबाहेर ठेवावा. आणि पात्यावर नुसते ‘स्टेनलेस’ एवढेच कोरलेले असून पोलादाची जात कुठेच सांगितलेली नसेल, तर करवतीच्या दातांसह तो दुकानातच राहू द्यावा.