आभासी वर्ग (व्यावसायिक प्रशिक्षणातील)

वेगवेगळ्या ठिकाणी बसलेल्या कर्मचाऱ्यांना इंटरनेटवरून एकाच वेळी शिकवण्याची व त्यांच्यासोबत काम करण्याची पद्धत. प्रशिक्षक बोलतो, आपला पडदा सर्वांना दाखवतो. प्रशिक्षणार्थी तिथल्या तिथे विचारतात, लिहितात, कौल देतात. ‘तिथल्या तिथे’ हेच या पद्धतीचे मुख्य लक्षण. आधी चित्रित केलेली व्याख्याने सवडीने पाहणे हे ई-शिक्षण झाले, आभासी वर्ग नव्हे. इंटरनेटवरच्या साध्या सभेला वेब परिषद म्हणतात. तिला फळा, हजेरी, हात वर करण्याची सोय, झटपट मतदान आणि छोटे गट पाडण्यासाठी वेगळ्या खोल्या जोडल्या की तिचा वर्ग होतो. बोलणारे दोन-चार आणि ऐकणारे शेकडो असले की तो वेबिनार. रोजच्या बोलण्यात हे भेद कोणी पाळत नाही. आयटी कंपनीत तो ‘कॉल’ असतो, मनुष्यबळ विभागात ‘सेशन’, जिल्हाधिकारी कार्यालयात ‘व्हीसी’ आणि शासकीय बातमीपत्रात ‘दूरदृश्य प्रणालीद्वारे’.

या पद्धतीचा इतिहास बहुधा चित्राचा इतिहास म्हणून सांगितला जातो. खरे तर तो उत्तराचा इतिहास आहे. शिकवणाऱ्याचा चेहरा दूरवर पोहोचवणे फार लवकर साधले. ऐकणाऱ्याचे उत्तर परत आणणे मात्र अनेक दशके अडले होते.

पूर्वपीठिका : अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीने चित्र दाखवणारा दूरध्वनी १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात मांडला आणि १९७० मध्ये पिट्सबर्ग शहरात त्याची सेवा सुरू केली. महिन्याचे भाडे १६० डॉलर होते. आपण घेतला तरी समोरच्याकडे तो नसायचाच, त्यामुळे सेवा चालली नाही. आजच्या वेब परिषदेशी जास्त जवळचे नाते आहे ते डग्लस एंगलबार्ट यांच्या प्रात्यक्षिकाचे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांनी सुमारे ५० किमी. दूर मेन्लो पार्कमध्ये बसलेल्या सहकाऱ्याशी बोलत बोलत एकाच मजकुरावर काम करून दाखवले. पडद्याच्या कोपऱ्यात सहकाऱ्याचा चेहरा आणि उरलेल्या जागेत दोघांचा समाईक मजकूर, ही मांडणी तेव्हाची. ती कचेरीत रुळायला तीस वर्षे लागली.

भारतात दूरशिक्षणाची मोठी झेप उपग्रहाच्या वाटेने झाली. ‘साइट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९७५–७६ च्या प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम थेट उपग्रहावरून पोहोचले. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ सोडण्यात आला. त्याच दशकात व्यवस्थापन संस्थांचे नोकरदारांसाठीचे अभ्यासक्रम व्हीसॅटच्या, म्हणजे उपग्रहाशी जोडणाऱ्या छोट्या तबकड्यांवरून शहरोशहरीच्या केंद्रांत जाऊ लागले. दिवसभर काम करून संध्याकाळी केंद्रावर यायचे, संगणकासमोर बसून कानाला हेडफोन लावायचा, प्राध्यापक पडद्यावर. शंका असली की बटण दाबून वाट पाहायची.

ही वाट पाहणे नुसत्या गर्दीमुळे नव्हते. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किमी. उंचीवर असतो. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो आणि उत्तर परत यायला आणखी पाव. आपण समोरासमोर बोलतो तेव्हा एकाचे वाक्य संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात सरासरी पाव सेकंदाहूनही कमी वेळ जातो. निरनिराळ्या भाषांत मोजणी होऊन हे दिसले आहे. त्यात अर्ध्या सेकंदाची भर पडली की दोघेही एकदम बोलू लागतात, दोघेही एकदम थांबतात, आणि ‘बोला, बोला’, ‘नाही, तुम्ही बोला’ सुरू होते. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय मानकात एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांपर्यंत असावा असे म्हटले आहे, ते याचसाठी. उपग्रहाला ही अट पाळता येत नाही. समुद्राखालून आणि जमिनीतून गेलेल्या प्रकाशतंतूंना बऱ्याच अंतरापर्यंत ती पाळता येते. आभासी वर्गाने तबकडी सोडून इंटरनेट धरले त्यामागे खर्च होताच. पण संवाद सुटसुटीत झाला तो या फरकामुळे.

वेबवरील वर्ग : अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९९२ मध्ये तयार झालेल्या ‘सीयू-सी-मी’ या प्रणालीने साध्या संगणकावर कृष्णधवल चलच्चित्र आणले. व्यवसायासाठीची साधने १९९५–९६ च्या सुमारास पुढे आली : सेंट्रा, वेबेक्स आणि झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेतून निघालेली प्लेसवेअर. प्लेसवेअरची एक कल्पना आजही कौतुकास्पद वाटते. पडद्यावर नाट्यगृहासारख्या खुर्च्यांच्या रांगा असत. ऐकणारा आपल्या खुर्चीचा रंग बदलू शके. हिरवी म्हणजे ठीक चालले आहे, लाल म्हणजे मला मदत हवी. बोलणाऱ्याला एका नजरेत सभागृहाचा नूर कळे. मायक्रोसॉफ्टने २००३ मध्ये ही कंपनी घेतली, रंगांची सोय पुढे ‘लाइव्ह मीटिंग’मध्ये काही वर्षे टिकली आणि मग चेहऱ्यांच्या चौकटींनी तिची जागा घेतली. चेहरे दिसू लागले म्हणून नूर जास्त कळू लागला, असे काही झाले नाही.

त्या काळात आवाज बहुधा टेलिफोनवरूनच येई. स्लाइड संगणकावर आणि कानाला फोन असा दुहेरी कारभार असे. नंतर आवाज आणि चित्र एकाच दोरीवर आले. सिस्कोने २००७ मध्ये वेबेक्स ३२० कोटी डॉलरला घेतली. वेबेक्समध्ये सुरुवातीपासून काम केलेले एरिक युआन २०११ मध्ये सिस्कोतून बाहेर पडले आणि त्यांनी झूम काढली. त्याच वर्षी गूगलने वेबआरटीसी हे तंत्र खुले केले. त्यामुळे वेगळे सॉफ्टवेअर न बसवता ब्राउझरमधूनच सभेत शिरता येऊ लागले. कंपनीच्या संगणकावर स्वतःहून काही बसवायची परवानगी नसलेल्या कर्मचाऱ्याच्या दृष्टीने हीच खरी क्रांती. कॅनडातील कार्लटन विद्यापीठात सुरू झालेली ‘बिगब्लूबटन’ ही मुक्तस्रोत प्रणाली मात्र सभा म्हणून नव्हे, वर्ग म्हणूनच घडवलेली आहे. तिच्यात फळा मध्यभागी आणि चेहरे कडेला असतात.

भारतात मोठ्या संख्येने एकाच वेळी शिकवण्याचा उल्लेखनीय प्रयोग मुंबईच्या आयआयटीने केला. अमृता विश्व विद्यापीठाने विकसित केलेल्या ‘ए-व्ह्यू’ प्रणालीवरून देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील शिक्षकांच्या कार्यशाळा घेतल्या गेल्या. दहा हजार शिक्षकांना प्रशिक्षण हे उद्दिष्टच होते. प्रा. दीपक फाटक यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. येथे प्रशिक्षणार्थी घरी एकटा नव्हता. तो जवळच्या केंद्रावर इतरांबरोबर बसे आणि त्या केंद्रावर एक स्थानिक समन्वयक असे. तज्ज्ञ मुंबईत, खांद्यावरून डोकावून ‘इथे चुकलंय’ म्हणणारा माणूस शेजारी. उद्योगांनी ही रचना फारशी उचलली नाही. एकेकट्याला घरी बसवणे स्वस्त पडते.

यंत्रणा : प्रत्येकाचे चित्र प्रत्येकाकडे थेट पाठवायचे तर वीस जणांच्या वर्गात प्रत्येकाला एकोणीस प्रती पाठवाव्या लागतील. म्हणून सर्वांचे प्रवाह आधी मधल्या सर्व्हरकडे जातात आणि तो ज्याला जेवढे हवे तेवढे पुढे देतो. नेट मंदावले की चांगल्या प्रणाली आधी चित्राचा दर्जा उतरवतात आणि आवाज जपतात. हा क्रम बरोबर आहे. चित्र गोठले तरी शिकवणे चालते. आवाज तुटला की वर्ग संपतो. एकाच खोलीत दोन लॅपटॉपवरून एकाच सभेत शिरले की एकाच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये जाऊन आवाज घुमतो, कधी शिट्टी वाजते. यंत्रातली प्रतिध्वनी काढण्याची सोय स्वतःच्या स्पीकरचा आवाज ओळखते, शेजारच्याचा नाही. उपाय एकच : एक सोडून बाकीच्यांनी माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करावेत. नुसते म्युट करून भागत नाही, हे दर वर्गात एकदा तरी सांगावे लागते.

सत्राचे स्वरूप : औषध कंपनीच्या विक्री प्रतिनिधींना नव्या उत्पादनाची माहिती देणारे सत्र हे नेहमीचे उदाहरण. कोणी घरी, कोणी लॉजवर, कोणी दवाखान्याबाहेर दुचाकी उभी करून मोबाइलवर. पहिली पाच मिनिटे ‘आवाज येतोय का?’, ‘स्क्रीन दिसतेय का?’ यातच जातात. स्लाइड इंग्रजीत, बोलणे हिंदी-मराठीत आणि चॅटमध्ये एकामागून एक ‘हो सर’. अनुभवी प्रशिक्षक या ‘हो सर’वर विसंबत नाही.

समोरासमोरच्या वर्गात जुना नियम असा की आधी प्रश्न विचारावा, क्षणभर थांबावे आणि मग नाव घ्यावे; म्हणजे सगळेच विचार करतात. आभासी वर्गात हा नियम उलटा करावा लागतो. आधी नाव, मग प्रश्न. कारण नाव ऐकल्यावर त्या माणसाला मोबाइल खिशातून काढायचा असतो, माइक सुरू करायचा असतो, कधी कुकरची शिट्टी थांबायची वाट पाहायची असते. प्रश्नानंतर नाव घेतले तर ‘सर, प्रश्न परत सांगता का?’ हेच उत्तर येते. प्रश्न विचारून मनात दहा आकडे मोजावेत, असेही सांगतात. पहिल्यांदा ही शांतता असह्य वाटते; पाच-सहाच्या पुढे कोणीतरी बोलतेच.

वीस-पंचवीस जणांच्या पुढे एकट्याने सांभाळणे कठीण जाते. शिकवणारा एक आणि आत घेणे, चॅट वाचणे, खोल्या पाडणे, नेट गेलेल्याला परत आणणे यासाठी दुसरा, अशी जोडी लागते. खर्च वाचवण्यासाठी कंपन्या आधी हाच दुसरा माणूस कापतात आणि मग सत्र रंगले नाही म्हणून प्रशिक्षकाला दोष देतात.

सॉफ्टवेअर वापरणे, उत्पादनाची माहिती, नव्या माणसाला कंपनीची ओळख, कायद्याने आवश्यक असलेल्या जागृतीच्या कार्यशाळा (उदा., कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार) या गोष्टी आभासी वर्गात चांगल्या बसतात. ग्राहकाशी घासाघीस करण्याचा सराव तिघा-तिघांच्या खोल्यांत करता येतो. एक विकतो, एक अडतो, एक पाहतो. लेथवरचे काम किंवा वेल्डिंग पडद्यावरून दाखवता येते, शिकवता येत नाही.

किती शिकले गेले हे मोजण्याच्या बाबतीत ही पद्धत फसवी आहे. कोण किती मिनिटे आत होते याची यादी आपोआप मिळते आणि वरिष्ठ तिच्यावरच समाधान मानतात. प्रशिक्षणार्थी दुसरी खिडकी उघडून बसला आहे का, हे यजमानाला दाखवणारी सोय झूममध्ये होती. एप्रिल २०२० मध्ये ती काढून टाकण्यात आली. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या : आवडले का, शिकले का, कामात उतरले का, धंद्याला फायदा झाला का. सत्राच्या शेवटी येणारी पाच चांदण्यांची चौकट पहिल्या पायरीवरच थांबते.

महासाथ आणि नंतर : झूमच्या सभांतील रोजचे सहभागी डिसेंबर २०१९ मधील सुमारे १ कोटीवरून एप्रिल २०२० मध्ये ३० कोटींवर गेले. हा आकडा माणसांचा नव्हे, सहभागाचा. दिवसात पाच सभांना बसलेला माणूस पाचदा मोजला जातो. कंपनीने आधी ‘वापरकर्ते’ असे म्हटले आणि मग दुरुस्ती केली. अनोळखी लोक सभेत घुसून धिंगाणा घालू लागले, तेव्हा पासवर्ड आणि प्रतीक्षाकक्ष आपोआप सुरू राहतील असे करण्यात आले. १६ एप्रिल २०२० रोजी भारताच्या गृह मंत्रालयाने झूम सुरक्षित नसल्याची सूचना काढून सरकारी कामासाठी ते न वापरण्यास सांगितले. देशी पर्यायासाठी स्पर्धा झाली आणि ऑगस्टमध्ये केरळमधील अलप्पुळ येथील टेकजेन्शिया या कंपनीची ‘व्हीकन्सोल’ प्रणाली निवडली गेली. संचालकांना दृक्श्राव्य माध्यमातून मंडळाच्या बैठकीत भाग घेण्याची मुभा कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७३ मध्ये आधीच होती. भागधारकांची वार्षिक सभा अशी घेण्याची परवानगी मे २०२० मध्ये मिळाली.

दिवसभर अशा सभांत बसून येणाऱ्या थकव्याची मीमांसा स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलन्सन यांनी २०२१ मध्ये केली. सगळे चेहरे सतत फार जवळून रोखून पाहत आहेत असे वाटणे, स्वतःचा चेहरा सारखा दिसणे, चौकटीत राहण्यासाठी जागचे न हलणे आणि हावभाव मुद्दाम करावे व वाचावे लागणे, ही त्यांनी दिलेली कारणे. कॅमेरा बंद ठेवणाऱ्याला कामचुकार ठरवण्याआधी हे लक्षात घ्यावे.

सहकार्यासाठी वेब परिषद वापरताना खरा अडथळा घड्याळाचा असतो. पुण्यात हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांतून न्यूयॉर्कशी होणारा सकाळी अकराचा कॉल उन्हाळ्यात इकडे रात्री साडेआठला असतो. अमेरिकेतली घड्याळे नोव्हेंबरात मागे गेली की तोच साडेनऊला जातो आणि मार्चमध्ये परत येतो. आपल्याकडची घड्याळे बदलत नाहीत, जेवणाची वेळ बदलते.

२०२३ पासून या प्रणालींत सभेचे टिपण यंत्राने काढण्याच्या सोयी आल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झूमच्या अटींतील मजकुरावरून, सभांतील बोलणे कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवण्यासाठी वापरले जाणार का, असा वाद उठला आणि कंपनीला मजकूर बदलावा लागला. प्रशिक्षणात दरपत्रके, ग्राहकांची नावे, स्पर्धकांविषयीची मते असे बरेच काही बोलले जाते. म्हणून काही कंपन्या अंतर्गत सत्रांत या सोयी बंद ठेवतात. शिवाय यंत्राच्या टिपणात बोललेले आणि लिहिलेले तेवढेच येते. ज्याने दीड तास माइक उघडलाच नाही, त्याचे नाव फक्त हजेरीत सापडते.