पांदण रस्ते आणि वस्तीविस्तार

पांदण (पश्चिम महाराष्ट्रात पाणंद) : गावठाणातून शिवारात जाणारी, दोन्हीकडच्या धुऱ्यांमधली (शेताच्या बांधांमधली) सार्वजनिक गाडीवाट. विदर्भातील मोठी गावे व तालुक्याची ठिकाणे वाढतात तेव्हा नव्या वस्तीचे रस्ते बहुधा याच वाटांना फुटतात.

शब्दाची व्युत्पत्ती निश्चित नाही. ‘पंथ’ या शब्दाशी संबंध जोडता येतो आणि ‘पांधण’ हा उच्चार त्याला काहीसा पोषक आहे. मात्र अनुनासिकानंतरच्या ‘थ’चा ‘ध’ होणे मराठीत नेहमीचे नसल्याने हा संबंध संशयास्पदच मानावा. नोंदीची परंपराही सर्वत्र सारखी नाही. वऱ्हाडात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रयतवारी (शेतकऱ्याकडून थेट सारा घेण्याच्या) पद्धतीची जमीनमोजणी झाली. गाव नकाशात गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने (16.5 ते 21 फूट) आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने (8.25 फूट) दाखवतात; 16.5 फूट ही जमीन मोजण्याच्या 33 फुटी साखळीची निम्मी लांबी असल्याने ही मापे साखळीमोजणीतूनच आली असावीत. नागपूरकडील मालगुजारी मुलखात, म्हणजे जिथे मालगुजार गावाचा सारा भरी तिथे, वाटेचा हक्क वाजिब-उल-अर्जात (गावच्या रूढी-हक्कांच्या नोंदपत्रात) वहिवाट म्हणून नोंदवला जाई.

रस्ताजोडणी, म्हणजे रस्ते एकमेकांना किती जोडलेले आहेत हे, रुंदीवरून ठरत नाही. दर चौरस किलोमीटरमागे किती रस्ते एकमेकांना मिळतात, बंद टोके किती आणि हवाई अंतराच्या तुलनेत प्रत्यक्ष किती चालावे लागते, हे पाहतात. बॅरिंग्टन-ली व मिलार्ड-बॉल या संशोधकांच्या अभ्यासांनुसार अमेरिकेत नव्या वस्त्यांतील रस्त्यांची तुटक (एकमेकांना कमी जोडलेली) रचना 1994 च्या सुमारास कळसाला पोहोचून पुढे ओसरली. जगभरात मात्र 1975 पासून ती वाढत गेली.

विदर्भातील जुन्या गावठाणात बोळ अरुंद असतात, पण एकातून दुसऱ्यात निघता येते. नव्या वस्तीचा ले-आउट (प्लॉट-रस्त्यांची आखणी) मात्र एकेका गटापुरता, म्हणजे एका गट क्रमांकाच्या जमिनीपुरता, पडतो. कपाशीच्या वावरात चुन्याच्या रेघा मारतात, प्लॉटच्या कोपऱ्यांवर सिमेंटचे खुंट रोवतात, आणि मुरमाचा ऐसपैस रस्ता धुऱ्याशी येऊन थांबतो. पलीकडच्या गटाचा ले-आउट काही वर्षांनी पडला, की त्याचाही रस्ता त्याच धुऱ्याशी संपतो. मग समोर दिसणाऱ्या घरी जायलाही पांदणीपर्यंत येऊन वळसा घालावा लागतो. हे टाळण्याची खरी वेळ चुन्याची रेघ मारण्याआधीची, कारण घरे उभी राहिल्यावर रस्त्याची आखणी सहसा बदलत नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 मधील कलम 143 खाली तहसीलदार धुऱ्यावरून वाट देऊ शकतो, पण ती तरतूद शेतात जाण्यायेण्याची गरज पाहणारी आहे. ले-आउटांना जोडणारा दुवा बहुतेक ठिकाणी पांदणच राहते, आणि तिच्यावर अतिक्रमण झाले की दोन्ही वस्त्यांची वाट अडते.