कोविड सेस आणि सरचार्ज: नेमका फरक काय?

एप्रिल २०२० मध्ये भारतीय महसूल सेवेतल्या पन्नासेक अधिकाऱ्यांनी ‘फोर्स’ नावाचा अहवाल मांडला. एक कोटीच्या वर उत्पन्न असणाऱ्यांना ४० टक्के कर आणि दहा लाखांच्या वर ४ टक्के ‘कोविड सेस’, अशा त्यातल्या सूचना. गदारोळ झाला, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने हात झटकले. पण सेस आणि सरचार्ज यांची सरमिसळ अजून होतेच.

सरचार्ज म्हणजे अधिभार. प्राप्तिकरात तो पन्नास लाखांहून जास्त उत्पन्न असलेल्यांनाच लागतो आणि तो पैसा केंद्र हव्या त्या कामाला वापरतं. सेस म्हणजे उपकर, ठरावीक कामासाठी घेतलेला. ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर मात्र प्राप्तिकर भरणाऱ्या प्रत्येकाला चुकत नाही. सरचार्ज असेल तर तो धरून झालेल्या रकमेवर हा सेस मोजतात.

काम सांगून मागितलेला पैसा लोक सहज देतात, असं मला वाटतं. म्हणूनच त्या कामाचा हिशेब मिळायला हवा. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने दाखवलं की २०१८-१९ मध्ये उपकरांतून सुमारे २.७५ लाख कोटी रुपये आले, आणि त्यांच्यासाठीच्या राखीव निधींत गेले फक्त १.६४ लाख कोटी. हा लोकांच्या विश्वासाचा भंग आहे.

एका बाबतीत दोन्ही सारखेच: राज्यांना वाटून द्यायच्या करांत सेसही धरत नाहीत आणि सरचार्जही. कोविडची रुग्णालयं चालवली ती मुख्यतः राज्यांनी आणि महापालिकांनी, तरी या रकमेत त्यांना हक्काचा वाटा नव्हता.

मे २०२० मध्ये पेट्रोलवर लिटरमागे १० आणि डिझेलवर १३ रुपये केंद्राने वाढवले. त्यातले प्रत्येकी ८ रुपये रस्ते व पायाभूत सुविधा उपकराचे. कच्चं तेल तेव्हा स्वस्त होतं, पंपावरचा भाव त्यामुळे चढला नाही, आणि ‘कोविड सेस’वर उठला तसा आवाजही उठला नाही.

नुकसानभरपाई सेसचंही तसंच. जीएसटीमुळे राज्यांचं घटलेलं उत्पन्न भरून देणारा हा सेस जून २०२२ मध्ये संपणार होता. महामारीत राज्यांना पैसे देण्यासाठी केंद्राने दोन वर्षांत २.६९ लाख कोटींचं कर्ज काढलं, ते फेडायला सेसची मुदत मार्च २०२६ पर्यंत वाढवली. म्हणजे हा सेस ज्यांवर होता त्या मोठ्या गाड्या, तंबाखू, शीतपेयं घेणारे पुढची काही वर्षं महामारीचंच कर्ज फेडत होते. हे लोकांना उघडपणे सांगायला हवं होतं.